मोडीत न निघणारी चांदी

सराफाच्या पेढीवर दागिना ठेवला की तो आधी काट्यावर जातो. वजन, त्या दिवसाचा भाव, घट वजा, हातात इतके रुपये. घेताना घडणावळीचे जे वेगळे पैसे मोजले होते, ते मोडताना कुणी धरत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकरी घरांत बायकांना हे गणित तोंडपाठ असतं. वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मोंढ्यात हळद विकली गेली, चार पैसे उरले, की तोडे होतात नाहीतर पैंजण. मृगाच्या तोंडावर बी-खताची जुळवाजुळव सुरू झाली की तेच फडक्यात बांधून पेढीवर जातात. पुढच्या सुगीला सुटले तर सुटले. चांदी ही या भागात अंगावर बाळगायची शिल्लक आहे, आणि तिच्याकडे तसं बघण्यात कमीपणा काहीच नाही.

आता त्या काट्यावर वेगळाच एक दागिना ठेवून पाहा. चांदीच्या पत्र्याचा वेडावाकडा तुकडा, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पापडाइतका पातळ. अंगभर सुरकुत्या, मध्येच काळपट खोलगा, कोपऱ्यात तांब्याचा एक ठिपका. ना पान ना फूल, ना मोर ना कोयरी. सराफ तो उलटसुलट करून विचारेल, ‘हे काय आहे?’ प्रश्न रास्त आहे. गॅलरीत अमूर्त चित्रासमोर उभा राहिलेला माणूस हेच विचारतो, फक्त जरा दबक्या आवाजात.

अमूर्त चित्रकलेच्या संगतीनं हातानं घडवलेले चांदीचे दागिने हा या पुस्तकाचा विषय आहे. शहरांतल्या प्रदर्शनांत ते दिसतात, त्यांना ‘आर्ट ज्वेलरी’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्याविषयी जे लिहिलं जातं ते इतकं गुळगुळीत असतं की वाचून हाती काही लागत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं, की चित्र चांदीवर छापून असा दागिना होत नाही. चांदीजवळ स्वतःचं अमूर्त आहे. ते आगीत आणि हातोडीखाली सापडतं. चित्रकारानं सोनाराला दिलं असेल तर ते धाडस. आकार सोनारानं स्वतःच शोधायचा.

नक्कल कशी असते तेही सांगून टाकतो. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, पुढे मुंबईला आणि तिथून पॅरिसला गेले. त्यांचा बिंदू हा आयुष्यभराच्या चित्रणातून गाळून उरलेला आकार होता. आज त्या बिंदूची कानातली मिळतात, काळ्या मिन्याची, भोवती तांबडी-पिवळी वर्तुळं. कानात चांगली दिसतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात चांदीनं काय केलं? तिथे पत्र्याऐवजी प्लॅस्टिक असतं तरी काही बिघडलं नसतं. चित्राचा विषय उचलायचा आणि चित्र ज्या रीतीनं झालं ती रीत सोडून द्यायची, असा तो मामला आहे.

रीत उचलायची तर वासुदेव गायतोंडे यांच्याकडे जावं लागतं. जन्म १९२४ मध्ये नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना रुचत नसे. ज्यात वस्तूच नाही असं चित्र, अशी त्यांची भूमिका होती. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि इकडच्या वर्तमानपत्रांनी मुख्यतः लिलावांतल्या किमतींच्या बातम्या केल्या. सराफाचा काटा असा सगळीकडेच असतो. सोनाराच्या कामाची गोष्ट वेगळी आहे: गायतोंडे रंग लावत तितकाच काढत. रोलर फिरवायचा, सुरीनं खरवडायचं, फाडलेला कागद ओल्या रंगावर ठेवून रंग उचलायचा, पुन्हा थर द्यायचा. कॅनव्हासवर जे उरतं ते लावण्या-काढण्याच्या झटापटीतून उरतं. वर्षाकाठी मोजकीच चित्रं होत.

दुसरं नाव हिंगोलीला भूगोलानंही जवळचं आहे. अंबादास खोब्रागडे १९२२ मध्ये अकोल्यात जन्मले. अकोल्याहून वाशीमवरून येणारी पूर्णेची रेल्वे हिंगोलीतूनच जाते. जे. जे.मधून बाहेर पडल्यावर ते विणकर सेवा केंद्रात काम करत होते. चित्रकार प्रभाकर बरवेही तिथलेच. म्हणजे आपल्या आधुनिक चित्रकलेतली दोन मोठी माणसं पोटासाठी मागाजवळ बसली होती, हे कला आणि कारागिरी यांची दोन स्वतंत्र दालनं करणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावं. अंबादास ‘ग्रुप १८९०’ मध्ये होते. या गटाचं एकच प्रदर्शन झालं, १९६३ मध्ये दिल्लीत. त्याच्या पुस्तिकेला प्रास्ताविक लिहिलं होतं मेक्सिकोचे कवी ओक्ताव्हियो पाझ यांनी. (प्रस्तावना लिहिणाऱ्यानं असल्या नावांपासून जपून राहावं, आपलं लिहिणं लगेच खुजं दिसायला लागतं.) अंबादास पुढे नॉर्वेला गेले आणि २०१२ मध्ये ऑस्लोत वारले. त्यांची चित्रं बघताना रुंद, वळत जाणारे फटकारे दिसतात. रंग आपल्या वजनानं वाहिला आणि जागच्या जागी थिजला, असे. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या धातूचा पृष्ठभाग ज्यानं पाहिला आहे, त्याला ते ओळखीचं वाटेल.

ते थिजणं चांदीत कसं येतं? शुद्ध चांदी ९६१.८ अंश सेल्सिअसला वितळते. दागिन्यासाठी ती मऊ पडते म्हणून तिच्यात तांबं घालतात. १००० भागांत ९२५ चांदी, बाकी तांबं, हे आज सगळीकडे चालणारं प्रमाण. हा मिश्रधातू शुद्ध चांदीच्या आधी, सत्तरेक अंश अलीकडेच, पुरता वितळतो. आता पत्र्याला मंद लाल होईपर्यंत ताव द्यायचा. पृष्ठभागावरचं तांबं हवेशी संयोग पावून काळं पडतं. पत्रा सौम्य आम्लात किंवा तुरटीच्या पाण्यात उकळला की ते काळं निघून जातं आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीची साय राहते. पुन्हा ताव, पुन्हा पाणी. असं पाच-सात वेळा केलं की पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध चांदीची कातडी तयार होते आणि पोटात मात्र हिणकस चांदी राहते. मग फुंकणीची किंवा गॅसची आच एकाच जागी धरून पुढे सरकवायची. आतलं आधी पाघळतं, कातडी टिकून राहते. आच पुढे सरकली की आतलं निवताना आकसतं आणि कातडीला सुरकुत्या पडतात.

त्या सुरकुत्या कुणी काढलेल्या नसतात, पण आपोआपही पडलेल्या नसतात. आच कुठून न्यायची, किती वेळ थांबायचं, कुठे हात मागे घ्यायचा हे कारागिराचं. क्षणभर जास्त थांबलं की पत्र्याला भोक पडतं, आणखी थांबलं तर त्याची गोळी होऊन बसते. भोक पडलं तरी चांगला कारागीर लगेच मुशीत टाकत नाही. थोडा वेळ बघतो. गायतोंडे ओल्या रंगावरून कागद उचलताना जे करत त्याच जातीचा हा निर्णय आहे: घडू द्यायचं, आणि घडलेल्यातलं काय ठेवायचं ते ठरवायचं.

इथे इतिहासानं एक गंमत करून ठेवली आहे. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, पुढे परभणी जिल्ह्यात आणि १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा. निजामाचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. चारमिनारचा चांदीचा रुपया भरे ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी ८१.८ टक्के. इंग्रजांचा कलदार रुपया पुऱ्या तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, १९४० मध्ये ती निम्म्यावर आली. सोनाराच्या मुशीत हे दोन्ही रुपये जात, आणि कलदाराला मान जास्त, हे उघडच आहे. पण सुरकुत्यांच्या या कामाला जगभरचे कारागीर मुद्दाम जो मिश्रधातू बनवून घेतात त्यात चांदी असते ८० ते ८२ टक्के. जास्त हीण, म्हणून जास्त आकसणं, म्हणून जास्त खोल सुरकुती. काट्यावर हलका ठरलेला निजामाचा रुपया या एका कामासाठी कलदारापेक्षा सरस कस घेऊन बसला होता. (जुनी नाणी वितळवा असं मी सुचवत नाही. नाणेसंग्राहक मला फाडून खातील.)

काळा रंग ही चांदीची दुसरी देणगी. सोन्याला ती नाही. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होतो आणि ती काळवंडते. गृहिणीला ही कटकट वाटते, या कारागिराला तो रंग वाटतो. गंधकयुक्त द्रावणात तुकडा बुडवला तर आधी पिवळसर, मग तपकिरी, निळसर, शेवटी काळा होतो. हवा तिथे थांबवायचा, उंचवटे रिठ्याचं पाणी आणि पितळी ब्रश घेऊन उजळायचे, खोलगे तसेच ठेवायचे. पुढचं काम घालणारी बाई करते. घामानं, कापडाच्या घासण्यानं, हाताच्या चाळ्यानं वरचा भाग उजळत राहतो आणि खाचा आणखी गडद होतात. वर्षाभरानं तो दागिना कारागिरानं विकला तसा राहिलेला नसतो. भिंतीवरच्या चित्राला ही सोय नाही.

घासण्यानं होणारं अमूर्त आपल्या देवघरात केव्हापासून आहे. खंडोबा, भैरोबा, देवी यांचे चांदीचे टाक सोनार ठशावर पातळ पत्रा ठोकून करतो. नवा टाक आणला तेव्हा घोडा दिसतो, तलवार दिसते, मिशा दिसतात. दोन-तीन पिढ्या तो रोज राखेनं, चिंचेनं घासला जातो. आधी नाक जातं, मग डोळे, मग घोड्याचे पाय. शेवटी पत्र्यावर एक मऊ फुगवटा उरतो आणि त्याच्या शेजारी दुसरा. घरातल्या कुणालाही विचारा, हा खंडोबा, ही म्हाळसा, हे आपले पूर्वज, असं न चुकता सांगतील. रूप गेलं म्हणून देव ओळखू येईनासा झाला, अशी तक्रार कुणी केलेली मी तरी ऐकली नाही. शेंदूर फासलेला तांदळा तर पहिल्यापासूनच बिनरूपाचा. त्याला हात जोडणारा माणूस आर्ट गॅलरीत ‘हे काय आहे’ म्हणून अडतो, तेव्हा अडचण त्याच्या नजरेची नसते. त्याला तिथे कुणी बोलावलेलंच नसतं.

औंढा नागनाथची गोष्ट या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेव महाराज जवळच्याच नर्सीचे. ते विसोबा खेचरांना शोधत नागनाथाच्या देवळात आले तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी रागावून पाय उचलले. जिथे ठेवावे तिथे पिंड. देव नाही अशी जागा सापडेना. ज्या मुलुखात ही गोष्ट आजी नातवंडांना सांगते, तिथे निराकाराचं कौतुक परक्या भाषेत समजावून सांगण्याची गरज नसावी. औंढ्याचं देऊळही बघण्यासारखं आहे: बाहेरच्या भिंती हत्ती-देवतांच्या शिल्पांनी गच्च, आणि आत अरुंद पायऱ्यांनी जमिनीच्या पोटात उतरलं की नुसती पिंड. हे दोन्ही एकाच देवळात सुखानं नांदतं. अमूर्ताचे कट्टर पुरस्कर्ते मोर-कोयरीला नाक मुरडतात तेव्हा मला औंढा आठवतं.

चांदीची सगळ्यात भरगच्च भाषा या जिल्ह्यात तांड्यांवर आहे. बंजारा बाईच्या दोन्ही गालांवर लोंबणाऱ्या घुगऱ्या, केसांत अडकवलेल्या टोपल्या, गळ्यात हासळी, नाण्यांचे हार. घुगरी-टोपली ही लग्न झालेल्या बाईची खूण. लदेणीच्या काळात बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत हे लोक फौजांच्या मागेपुढे हिंडले. ज्यांचं घरच चालतं होतं त्यांची तिजोरी अंगावर असणार. या दागिन्यांतही देवादिकांच्या मूर्ती फारशा नाहीत. अर्धगोल, शंकू, साखळी, कडी, गोंडा, नाणं, आणि आवाज. घुगरीचा आकार तिच्या हलण्याशिवाय पुरा होत नाही. मात्र याला लगेच ‘आदिम अमूर्तकला’ म्हणून डोक्यावर घेऊ नये. घालणाऱ्या बाईला त्यातल्या प्रत्येक नगाचा अर्थ माहीत असतो, कुणी दिला, कशाबद्दल दिला हे माहीत असतं; तो आपल्याला माहीत नाही इतकंच. अर्थ न कळणं आणि अर्थ नसणं यांत फरक आहे, आणि शहरातले डिझायनर तो सोयीनं विसरतात. तांड्यावरची जुनी चांदी अडचणीच्या वर्षात वजनावर मोडली गेली, काही ‘अँटिक’ म्हणून दूर गेली. तिच्या जागी गिलट आलं. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात स्टॉलवर ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून जे ढिगानं मिळतं तेही बहुधा तसंच. नावात चांदी असलेल्या जर्मन सिल्व्हरमध्येही तांबं, निकेल आणि जस्त असतं; चांदी गुंजभरही नाही.

पाश्चात्त्य जगात या वाटेवरचं ठळक नाव अलेक्झांडर काल्डर. तारेची, पत्र्याची, हवेवर डुलणारी शिल्पं करणारा हा अमेरिकन माणूस आयुष्यभर दागिनेही करत राहिला. सुमारे १८०० नग. पितळेची किंवा चांदीची तार घ्यायची, हातोडीनं चपटी करायची, वेटोळं करायचं, तुकडे डाग न देता तारेनंच एकमेकांत अडकवायचे. हातोडीचा घाव दिसला तर दिसू द्यायचा. बरेचसे नग त्यानं बायकोला, मैत्रिणींना, मित्रांच्या बायकांना देऊन टाकले. १९४२ मध्ये कलासंग्राहक पेगी गुगेनहाइम यांनी न्यूयॉर्कमध्ये नवी गॅलरी उघडली, तेव्हा एका कानात काल्डरचं आणि दुसऱ्या कानात अतिवास्तववादी इव्ह तांगीचं डूल घातलं होतं. अमूर्तवाले आणि अतिवास्तववाले या दोन्ही गटांना मी सारखंच मानते, हे सांगायला. १९५५ मध्ये काल्डर अहमदाबादला साराभाईंकडे येऊन राहिला; तिथे त्यानं शिल्पांबरोबर काही दागिनेही केले. त्याची चपटी, ठोकलेली वेटोळी बघताना आपल्याकडची वाक्या आणि जोडवी डोळ्यांसमोर येतात. कुणी कुणाचं उचललं हा प्रश्न इथे गैरलागू आहे. तार आणि हातोडी दोघांनाही त्याच वळणावर नेतात.

काल्डरला एक सवलत होती, ती आपल्याकडच्या कारागिराला नाही. त्याला दागिन्यावर घर चालवायचं नव्हतं. हिंगोलीच्या किंवा वसमतच्या सराफ्यातला कारागीर घडणावळीवर जगतो, आणि ती साधारणपणे ग्रॅमवर ठरते. म्हणजे जास्त वजन वापरलं तर जास्त मजुरी, जास्त वेळ दिला तर नाही. हुपरीसारख्या चांदीच्या गावी यंत्रावर निघालेले पैंजण देशभर जातात, त्यांच्याशी हातानं घडवलेल्याची भावात बरोबरी होऊच शकत नाही. दिवसभर एका पत्र्याला ताव देत बसणारा माणूस या हिशेबात मूर्ख ठरतो. त्याचा वेळ वेगळा लावल्याशिवाय हा दागिना टिकणार नाही, आणि वेळ लावला की ग्राहक म्हणतो, ‘चांदी एवढीशी आणि पैसे एवढे?’ चित्राच्या बाबतीत कॅनव्हासचा आणि रंगाचा भाव कुणी विचारत नाही. चांदीच्या बाबतीत विचारतात, कारण तिचा भाव रोज पेपरात येतो.

यावर काही कलावंतांचं उत्तर असं, की वजनाचा विषयच काढू नका, ही कला आहे. मला ते पटत नाही. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला ते परवडेल. सेनगाव-कळमनुरीच्या बाईनं हा दागिना घ्यावा असं वाटत असेल तर तिच्या गणिताला उडवून लावून चालणार नाही. माझ्या मते यातल्या कारागिरानं तीन गोष्टी पाळाव्यात. पत्रा पुरेसा जाड घ्यावा; कलेच्या नावाखाली कागदी काम करू नये. पावतीवर चांदीचं वजन आणि भाव एका ओळीत आणि हाताच्या कामाचे पैसे दुसऱ्या ओळीत, लाज न बाळगता, लिहावेत. आणि भारतीय मानक ब्यूरोचा ९२५ चा हॉलमार्क घ्यावा, चांदीला तो सक्तीचा नसला तरी. सुरकुत्यांच्या कामाला ८२ टक्क्यांची चांदी लागली तर तसं लिहून द्यावं. ब्यूरोच्या प्रमाणांत ८०० आणि ८३५ हेही दर्जे आहेत, तेव्हा कमी कसाची चांदी लपवून ठेवावी असं काही नाही.

पुढच्या पानांतली छायाचित्रं बघताना एवढं लक्षात असू द्यावं, की फोटोत दागिना सपाट होतो आणि मोठा दिसतो. जे मोठाले खड्डे वाटतील ते प्रत्यक्षात नखाएवढे आहेत. जमलं तर एखादा नग हातात घेऊन बघावा, मागची बाजूही बघावी; अंगाला लागणारी कड घासून मऊ केली आहे का, कडीचा डाग स्वच्छ बसला आहे का. पुढून कितीही अमूर्त असला तरी मागच्या बाजूला सोनारकाम लपत नाही. आणि पावसानं दगा दिलेल्या एखाद्या वर्षी तो पेढीवर न्यायची वेळ आलीच, तर सराफानं तो उलटसुलट करून, ‘हे काय आहे’ म्हणून, काट्यावर ठेवल्यावर त्यावरचा शिक्का वाचून चांदीचा तरी पुरा भाव त्या बाईच्या हातात द्यायला हवा.